हातगडच्या पुढे माझा पाय बरा झाला

दिंडोरी, २२ फेब्रुवारी २०२६

दादा,

माझा नंबर ब्लॉक केलास ना? बरं केलंस. पोस्टमनला कसा ब्लॉक करतोस तेच बघते आता. बिचाऱ्याला बोरगावहून आपल्या पाड्यापर्यंत चढण चढावी लागणार. त्याचे तळतळाट तुला लागतील, मला नाही.

मी ठीक आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण तू विचारणार नाहीस आणि मनात मात्र तेच घोळवत बसशील. द्राक्षांचा हंगाम जोरात आहे. पॅकहाऊसमध्ये मी वजनकाट्यावर असते. बसून काम, पायाला त्रास नाही. इथलीच स्नेहल म्हणून एक पोरगी आहे, तिच्याबरोबर खोली घेतली आहे. दोघी जेवतो, भांडतो, हसतो. झक्कास चाललंय.

आता खरी गंमत ऐक. अरे, हसून लोळशील!

परवा सुट्टीला मी केरूच्या गावी गेले होते. हो, गेले होते! दात-ओठ खाऊ नकोस, स्नेहल बरोबर होती. त्याची आई, कुसाबाई, तापानं पडली होती, म्हणून बघायला गेलो. सापुताऱ्याच्या पलीकडे, गुजरातच्या डांगात. एसटीत चढलो, मी कंडक्टरला माझं कार्ड दाखवलं, दिव्यांगाची सवलत मागितली. स्नेहलनं बायकांचं अर्धं मागितलं. तर त्यानं दोघींना दोन-दोन तिकिटं फाडून दिली.

मी म्हटलं, "दोन कशाला? माणसं दोघीच आहोत."

"एक हातगडपर्यंतचं. तिथं महाराष्ट्र संपला. पुढचं पूर्ण भाडं."

"पूर्ण कसं? पाय तोच आहे की माझा! हातगडला उतरून ठेवणार आहे का मी?"

सगळी गाडी हसली. कंडक्टरही हसला, पण पैसे काही सोडले नाहीत. तर दादा, असा चमत्कार झाला. हातगडच्या पुढे माझा पाय बरा झाला आणि स्नेहल बाप्या झाली! सापुताऱ्याच्या घाटात आम्ही दोघी एकमेकींकडे बघून इतक्या हसलो की मागची म्हातारी म्हणाली, पोरींना घाट लागला वाटतं.

पण हसता हसता माझं तोंड एकदम उतरलं. मला तू आठवलास. दिवाळीनंतर केरूच्या घरची माणसं मागणी घालायला आली, तेव्हा तू अंगणात उभा राहून काय ओरडला होतास? "सवीला गुजरातेत दिली की तिचं कार्ड बंद. कार्ड बंद म्हणजे पेन्शन बंद. मग ती आंधळ्याच्या दारात हात पसरून बसंल. मला नाय चालणार!" पाहुण्यांना चहासुद्धा दिला नाहीस. मी भांडले, तू म्हणालास जायचं तर जा, पुन्हा या घरात येऊ नको. आणि मी निघून आले.

तेव्हा मला वाटलं होतं, तू थाप मारतोस. केरूला दिसत नाही हे तुला खटकतं, आणि तसं म्हणायची लाज वाटते म्हणून कार्डाचं निमित्त काढलंस. पण घाटात वाटलं, दादा खरं बोलत होता की काय?

परत येताना तोच कंडक्टर भेटला. मी त्याला सरळ विचारलं, कार्ड तिकडे बंद पडतं का हो? तो म्हणाला, "कार्ड कशाला बंद पडंल? कार्ड देशाचं आहे ताई. सवलत आमच्या महामंडळाची, म्हणून ती आमच्या हद्दीपुरती."

ऐकलंस? कार्ड वेगळं, सवलत वेगळी! मग पेन्शन कुणाची? मी शोधून काढणार. लिहून ठेव.

तुझी भांडखोर,
सवी


दिंडोरी, ७ मार्च २०२६

दादा,

काल मी सुरगाण्याला आले होते. तहसील कचेरीत. घरापासून एवढ्याशा अंतरावर होते, स्टँडवर आपल्या पाड्याची जीपसुद्धा उभी होती. चढले नाही. तू येऊ नको म्हणाला होतास, मी विसरलेले नाही. तू बोलावल्याशिवाय मी येणार नाही आणि तुझ्याशिवाय मी लग्नही करणार नाही. हे दोन्ही एकदाच लिहून टाकते, म्हणजे तुला कोड्यात पडायला नको. आई-बाबांच्या मागं तू मला खांद्यावर बसवून ओढा पार करून आश्रमशाळेत सोडलंस. तुझ्या पाठीमागं मी चोरून माळ घालून घेईन असं तुला वाटलंच कसं?

तर कचेरी. संजय गांधी निराधार योजनेच्या शाखेत एक मॅडम आहेत. टेबलावर फायलींचा डोंगर, समोर म्हाताऱ्यांची रांग, आणि तरी आवाज चढत नाही बाईचा. मी म्हटलं, मॅडम, मी लग्न करून गुजरातेत गेले तर माझं काय काय बंद पडेल?

त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "काय काय आहे तुमच्याकडे?"

"कार्ड आहे."

"कार्ड आहे हे दिसलं. मिळतं काय?"

"कार्डाची पेन्शन."

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "इथंच सगळी गडबड होते बघा. कार्डाची पेन्शन नसते. कार्ड म्हणजे तुम्हाला दिव्यांगत्व किती आहे याचा पुरावा. तो केंद्राचा, देशात कुठंही चालतो. काश्मीरला जा, तुमचे पंचावन्न टक्के पंचावन्नच राहतील. पण त्या पुराव्यावर कोण काय देतं, हे ज्यानं त्यानं ठरवायचं. तुमची पेन्शन राज्याची. महाराष्ट्रात राहणाऱ्याला, चाळीस टक्क्यांच्या पुढं असेल त्याला. तुम्ही राज्य सोडलं की ती थांबली."

"आणि केंद्र काहीच देत नाही?"

"देतं. पण त्यांना ऐंशी टक्के लागतात आणि नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत लागतं. तुम्ही पंचावन्नवाल्या."

दादा, आयुष्यात पहिल्यांदा मला वाईट वाटलं की माझा पाय जरा बरा आहे.

मग मी गुजरातचं विचारलं. त्या म्हणाल्या, त्यांच्या योजना त्यांच्या, टक्क्यांची आणि रहिवासाची अट त्यांची, ते तिकडेच विचारा; पण इथलं तिकडे आपोआप सुरू होईल या भरवशावर बोहल्यावर चढू नका. बोहल्यावर म्हणाल्या हं, एवढ्या रांगेतसुद्धा. मागचे म्हातारे खुसखुसले.

म्हणजे तू खरा होतास. घे! लिहून देते, सही करून देते. पेन्शन थांबेल. स्टँडवर येऊन मी डोळे पुसले. मग भूक लागली म्हणून गरम भजी खाल्ली. रडून भूक जास्त लागते, हे तुला माहीतच आहे.

पण फार फुशारू नकोस. तू अर्धाच खरा होतास! कार्ड बंद पडत नाही. आपण दोघं इतकी वर्षं "कार्ड, कार्ड" म्हणत एकाच गाठोड्यात सगळं बांधून बसलो होतो. आपल्या पाड्यावर सगळेच म्हणतात, तलाठ्यासमोरसुद्धा म्हणतात, कुणी दुरुस्त करत नाही.

पेन्शन फार मोठी आहे म्हणून मी रडले नाही. माझ्या नावावर महिन्याला काहीतरी येतं, ते मी कुणाला न विचारता काढते आणि वहिनीच्या हातावर ठेवते, त्यात माझी मान ताठ असते. केरूच्या घरी ती मान मला खाली घालायची नाही. ते घर चांगलं आहे, तरी नाही. तुला हेच म्हणायचं होतं का दादा? मग हात पसरंल बिसरंल कशाला म्हणालास? नीट सांगितलं असतंस तर मी ऐकलं असतं. म्हणजे भांडून ऐकलं असतं.

आता काय करायचं मला कळत नाही.

सवी


दिंडोरी, १९ मार्च २०२६

दादा!

दादा, दादा, दादा! बस खाली आधी. विडी पेटवायची तर पेटव. ऐक.

आधी एक हिशेब मिटवते. वहिनीचा फोन आला होता. तिच्यावर रागावू नकोस, ती शेळ्या घेऊन माळावर गेली होती आणि तिथं रेंज येते, यात तिचा काय दोष? ती म्हणाली, तू माझं पत्र दोनदा वाचलंस आणि "म्हटलं नव्हतं?" एवढंच बोलून भात जेवायला बसलास. म्हटलं नव्हतं! एवढी मी रडल्याचं लिहिलं आणि तुला तेवढंच दिसलं! सिंधुवहिनीनं तुझ्याशी इतकी वर्षं संसार कसा केला, तिचं तिला माहीत.

असो. मी तुझ्यावर रागावूच शकत नाही आज. गोष्ट अशी झाली.

केरू पॅकहाऊसमध्ये पेट्या बांधतो, ते तुला माहीत आहे. पुठ्ठ्याचा सपाट ताव घ्यायचा, घडी मारायची, चिकटपट्टी लावायची, पेटी तयार. त्याला दिसत नाही म्हणून मुकादमानं पहिल्या दिवशी घ्यायलाच नको म्हटलं होतं. आता तोच मुकादम केरूच्या पेट्यांशिवाय निर्यातीचा माल भरू देत नाही. तर मी त्याच्याजवळ बसून मॅडमचं सगळं सांगितलं. पंचावन्न, ऐंशी, राज्य, केंद्र. तो ऐकत होता, हात चालूच. मग एकदम हात थांबले.

"सवे, माझे किती?"

"शंभर."

"मग मला जे मिळतं ते कोणाचं?"

दादा, आम्ही कधी विचारलंच नव्हतं! मी माझ्या पेन्शनपायी जीव आटवत होते आणि याच्याकडे बघितलंच नाही. त्यानं तिथल्या तिथं घरी फोन लावला, त्याच्या मोठ्या भावानं ग्रामपंचायतीत जाऊन विचारलं. याला केंद्राची लागू आहे! शंभर टक्के, नाव दारिद्र्यरेषेखाली, सगळं बसतं. वर थोडं त्यांचं राज्य घालतं.

तर केरू म्हणाला, "तुझं हद्दीवर थांबतं. माझ्यातलं निदान काही तरी देशाचं हाय. मग तू कशाला चालतेस? मी चालतो."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे मी येतो तुझ्याकडं. घरजावई."

काट्यावर द्राक्षं तशीच राहिली. स्नेहल ओरडली, पुढची बाई ओरडली, मला काही ऐकू आलं नाही. इतके महिने आपण सगळे भांडलो, तू, मी, त्याचा भाऊ, कुसाबाई, आणि कुणाच्याही डोक्यात आलं नाही की नवरीच जायला पाहिजे असं कुठं लिहिलंय?

आणि दादा, तू नाक मुरडायच्या आत सांगते. आपला आजा मंगळू कोण होता? घरजावई! डांगातून येऊन आजीच्या बापाच्या घरी राहिला, त्याची जमीन कसली, आणि त्याच जमिनीवर तू आज नागली पेरतोस. तेव्हा गुजरात-महाराष्ट्र झालंच नव्हतं, हातगडला कुणी तिकीट फाडत नव्हतं. आपल्या डोंगरात घरजावई होण्यात कमीपणा कधीच नव्हता. तो कमीपणा शहरातून आलाय. तेव्हा तोंड उघडताना आज्याची आठवण ठेव.

कुसाबाई आधी रडली. मग म्हणाली, "जा बाबा. हितं भावजयीच्या राज्यात राहण्यापेक्षा तिथं बायकोच्या राज्यात राहा." म्हातारी लय खट आहे. तुला आवडेल.

मला आज नाचता येत असतं ना दादा, तर नाचले असते. तसंही थोडं नाचले. स्नेहलला धरून.

तुझी, तुझ्याच गावात राहणार असलेली,
सवी


दिंडोरी, ९ एप्रिल २०२६

दादा,

वहिनी म्हणते तू आता माझा नंबर मोकळा केलास. कर. पण मी फोन करणार नाही. पत्रात तू मध्ये बोलू शकत नाहीस, हे मला फार आवडायला लागलंय.

मागच्या पत्रात मी उड्या मारल्या. आता पाय जमिनीवर ठेवून लिहिते, म्हणजे तू म्हणायला नको की पोरगी भुलली. नाशिकला जाऊन समाजकल्याणच्या कचेरीत विचारून आले. केरूची केंद्राची पेन्शन त्याच्या मागं मागं कुत्र्यासारखी चालत येणार नाही. तिकडे नाव कमी करून तसा दाखला आणायचा. इकडे रहिवास दाखवायचा, दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव लागायला हवं, मग नव्यानं अर्ज. त्याला वेळ जाईल. आणि महाराष्ट्र वर जे घालतं ते त्याला लगेच मिळेल असं धरू नका म्हणाले, कारण राज्याच्या पैशाला इथल्या पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. म्हणजे केरूचं थोडं बुडणार. काही महिने सगळंच बुडणार.

मी त्याला म्हटलं, बघ बाबा, अजून विचार कर. तो म्हणाला, "पेट्या बांधणारे हात कुठल्या राज्याचे हायेत?"

आणि आता खरी बातमी, जी तुला माझ्याआधी माहीत आहे, लबाडा!

आज आम्ही दोघं सुरगाण्याला त्या मॅडमकडे गेलो. केरूला बघून त्या म्हणाल्या, "अच्छा, हे का ते?" मी चक्रावले. मी केरूचं नाव कधी सांगितलं होतं? तर त्या म्हणाल्या, "परवा तुमचे दादा येऊन गेले. मोतीराम."

माझ्या हातातली काठी पडली दादा. खरंच पडली, केरूनं चाचपून उचलून दिली.

मॅडम सांगत होत्या आणि मला हसू आणि रडू एकदम येत होतं. म्हणे तू टोपी हातात घेऊन रांगेत उभा राहिलास. नंबर आल्यावर काय विचारलंस? "एका माणसाचं नाव माझ्या रेशनकार्डावर चढवायचं हाय." कोण माणूस? "केरू." नातं काय? तर तू टोपी या हातातून त्या हातात केलीस. मग म्हणालास, "भाऊ लिहा."

भाऊ लिहा!

ज्याला चहा दिला नाहीस, त्याला रेशनकार्डावर भाऊ!

मॅडमनी विचारलं, सख्खा का? तू म्हणालास, "होणार हाय." रांगेतली माणसं हसली म्हणे, पण तू हसला नाहीस. तुला वाटलं, तुझ्या कार्डावर नाव आलं की केरू महाराष्ट्राचा झाला, की सगळ्या पेन्शनी सुरू. आलं परत तेच, कार्ड, कार्ड! अरे वेड्या, तसं केलं असतंस तर सगळाच घोटाळा झाला असता. तुझी शेती, तुझं उत्पन्न, सगळं आमच्या घरात धरलं गेलं असतं आणि मॅडम म्हणाल्या, माझीसुद्धा पेन्शन अडचणीत आली असती. लग्नानंतर आमचं कार्ड वेगळं काढायचं, उत्पन्नाचा दाखला वेगळा काढायचा. तू आमच्यावर इतकी माया केलीस की आम्ही दोघंही बुडालो असतो!

पण दादा, मला तो घोटाळासुद्धा गोड वाटला. नाक पुसायला पदर पुरला नाही.

आता मला एक सांग. हे सगळं तू मला का नाही सांगितलंस? वहिनीलाही नाही. मला वाटतं, मला कळलंय. तुझा राग केरूवर नव्हता आणि कार्डावरही नव्हता. मी हातगडच्या पलीकडे गेले असते तर तुला रोज दिसले नसते. एवढंच ना? मग तेच बोलायचं होतंस. लाज कसली? मला पण तीच भीती वाटत होती. मी पण बोलले नाही. आपण दोघं बहीणभाऊ योजनांवर भांडत बसलो.

हंगाम मेच्या सुरुवातीला संपतो. तू ये म्हण, आम्ही येतो. अजून तू म्हटलेलं नाहीस. रेशनकार्डावर लिहायला निघालास, पण तोंडानं नाही म्हटलंस. मी थांबले आहे.

तुझी,
सवी


दिंडोरी, २४ एप्रिल २०२६

मोतीराम दादा,

तुला काही लाज?

नवरा माझा, आणि नेलास तू!

हे पत्र मी भांडायला लिहिते आहे. सोमवारी भर कामाच्या वेळी वॉचमन आला, म्हणाला, गेटवर कुणीतरी आलंय, टोपीवाला, नाव सांगत नाही, नुसता उभा आहे. मी काठी टेकत धावत आले. धावत! बघ मला काय करायला लावलंस. तू उभा. मला वरपासून खालपर्यंत बघितलंस आणि म्हणालास, "वाळलीस." बस. इतक्या महिन्यांनी एकच शब्द. मी रडणार तेवढ्यात तू पुढचं बोललास, "तो कुठं हाय?"

मग सगळ्या पॅकहाऊससमोर तू केरूच्या पेट्यांच्या ढिगाशी गेलास. बायकांनी हात थांबवले. तुला आंधळ्या माणसाशी कसं बोलायचं ते कळेना, म्हणून तू मोठ्यानं बोललास, जणू त्याला ऐकूच येत नाही. "मी मोतीराम. सवीचा भाऊ. एकच इचारतो. हिला सोडून माघारी डांगात जाशील का?"

केरू म्हणाला, "दादा, मला वाट दिसत नाही. जाणार कुठं?"

पहिल्यांदा तू हसलास. मी पाहिलं. मग सगळंच पॅकहाऊस हसलं आणि मी मात्र मोठ्यानं भोकाड पसरलं, माझ्या अब्रूचं खोबरं झालं. स्नेहल अजून मला चिडवते.

आणि त्यानंतर? मला वाटलं आता तू म्हणशील, सवी, चल घरी. तर तू केरूचा हात आपल्या खांद्यावर ठेवलास, म्हणालास, "चल, जागा दाखवतो," आणि दोघं गेलात! मी म्हटलं, अरे मी? तर तू वळून म्हणालास, "तुझा काटा चालू दे, हंगाम हाय. आम्ही कामाला जातो." मुकादमानंही एका शब्दानं सुट्टी दिली त्याला. मला कधी अर्धा दिवस दिली नाही!

चार दिवस झाले. घरजावई घरी पोचला आणि घरची मुलगी दिंडोरीत द्राक्षं मोजते आहे. हा कुठला न्याय?

तो रोज फोन करतो. म्हणतो, तुझ्या घराला लागूनच आमचं दोन खणांचं घर उभं राहतंय. मेढीचे खांब तू रोवलेस, कारवीच्या भिंती तो बांधतो आहे, वहिनी शेण-माती कालवते आहे. तुझी आणि त्याची रोज भांडणं होतात म्हणे, कूड आवळायचा कसा यावरून. त्याच्या गाठी तुझ्यापेक्षा पक्क्या आहेत आणि ते तुला सोसत नाही. भांडा. माझ्याशी भांडायला तू उरलास की झालं.

काल त्याचा फोन आला तेव्हा तो जरा हळू बोलत होता, तू जवळपास असावास. म्हणाला, "सवे, तुझ्या दादानं दाराला उंबरा बसवला नाही. मी चौकट चाचपत होतो, खाली हात लावला, नुसती सपाट जमीन. मी म्हटलं, विसरला का? उंबऱ्याशिवाय घर कुणी बांधतं का? वहिनीपण म्हणत होती, लोक हसतील. तर दादा म्हणाला, हसू देत. तिचा पाय अडतो."

दादा, माझ्या ध्यानातच नव्हतं की माझा पाय उंबऱ्याला अडतो. लहानपणापासून अडतोय, सवय झाली होती. तू मात्र रोज बघत होतास.

पुढच्या शनिवारी हंगाम असो नसो, मी येते. बोलावू नकोस आता, राहू दे. मी सरळ आत येईन.

सवी